रोबोच्या हाताचं टोक नेमकं कुठे आहे: पट्टी, कोनमापक आणि ओळंबा घेऊन

उन्हाळ्यात आमच्याकडे विहीर नाहीतर शेततळं खणायला पोकलेन मशीन आलं की निम्मं गाव बांधावर जमतं. ऑपरेटर केबिनमध्ये बसून दोन दांडके हलवतो आणि बकेटचा दात बरोबर हव्या त्या दगडाखाली घालतो. बूम, म्हणजे मशीनचा मोठा दांडा, किती अंशांवर आहे, त्याच्या पुढचा आर्म किती अंशांवर आहे, असं त्याला विचारलंत तर तो हसेल. त्याला ते लागतच नाही, कारण बकेट त्याच्या डोळ्यांसमोर असते.

रोबोला साधारणपणे स्वतःचा पंजा दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की पहिला सांधा ३० अंशांवर आहे, दुसरा ४५ वर आहे. तेवढ्यावरून पंजा टेबलावर कुठे आहे ते त्याला गणित करून काढावं लागतं. या गणिताला फॉरवर्ड कायनेमॅटिक्स म्हणतात आणि पंजाला पुस्तकात एंड-इफेक्टर म्हणतात. नावं भारदस्त असली तरी आतला ऐवज दहावीच्या त्रिकोणमितीचा आहे. मी आधी वाळूजला वेल्डिंग लाइनवर होतो, आता डिप्लोमाच्या पोरांना शिकवतो. दरवर्षी एक गोष्ट बघतो: पोरं पहिल्याच दिवशी मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांच्या चौकटी, पाठ करायला घेतात आणि आठ दिवसांनी हात टेबलाला धडकवतात. म्हणून या लेखात मॅट्रिक्स बऱ्याच उशिरा येईल. आधी कागद.

सामान थोडंच लागतं. प्लायच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या, दोन ड्रॉइंग पिना, आलेख कागद, कंपासपेटी आणि साइन-कॉस असलेला कॅल्क्युलेटर. मोटारी, त्यांना चालवणारा आर्डुइनो बोर्ड वगैरे सध्या कपाटातच राहू द्या.

आधी शून्य ठरवा

कागदाच्या मध्यावर पिन टोचा. हा तुमचा पाया आणि हेच शून्य. उजवीकडे जाणारी रेघ म्हणजे एक्स, वर जाणारी म्हणजे वाय. कोन एक्सच्या रेघेपासून मोजायचे आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गेले की धन धरायचे. हे सगळं कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. हसू नका. एका गटात दोघांनी कोन घड्याळाप्रमाणे मोजले, दोघांनी उलट. गणितं चौघांचीही बरोबर होती, फक्त हात दोन होते.

मग दांड्या मोजा

पोकलेनचा बूम तसाच इथला दांडा. कारखान्यात त्याला लिंक म्हणतात. त्याची लांबी म्हणजे पट्टीची लांबी नव्हे. भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर तेवढं लांबी. पट्टी २३ सेंटिमीटरची असली तरी भोकं कडेपासून दीड-दीड सेंटिमीटर आत असतील तर दांडा २० चाच. शेवटच्या दांड्याला एकच सांधा असतो, म्हणून तो सांध्यापासून जिथे वस्तू प्रत्यक्ष पकडली जाते तिथपर्यंत मोजायचा. पंजाच्या नखापर्यंत मोजायचा नाही.

आपण पहिला दांडा २० सेंटिमीटर आणि दुसरा १५ सेंटिमीटर धरू. पुढची सगळी उदाहरणं याच आकड्यांची आहेत, त्यामुळे पट्ट्याही याच मापाच्या कापा.

कोन कोणाच्या नजरेतून

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबू.

समजा कोणी तुम्हाला पत्ता विचारला. छत्रपती संभाजीनगरला क्रांती चौकातून हर्सूलकडे जायचंय. तुम्ही सांगता, जालना रोडने सरळ सिडको बसस्टँडपर्यंत जा आणि तिथून डावीकडे वळा. हे ‘डावीकडे’ कशाच्या डावीकडे? त्या माणसाचं तोंड जिकडे आहे त्याच्या. तो जालन्याकडे तोंड करून निघालाय म्हणून डावीकडे म्हणजे उत्तर. हाच माणूस चिकलठाण्याहून सिडकोकडे येत असता, तर त्याच डावीकडे वळण्याने उलट दिशेला गेला असता.

रोबोचा दुसरा सांधाही असाच पत्ता सांगतो. तो म्हणतो ४५ अंश, म्हणजे पहिला दांडा जिकडे तोंड करून आहे तिथून ४५ अंश. जमिनीपासून नाही. पहिला दांडा जमिनीपासून ३० अंशांवर असेल, तर दुसरा दांडा जमिनीपासून ३० अधिक ४५, म्हणजे ७५ अंशांवर. तिसरा सांधा असेल तर त्याचाही कोन यात मिळवायचा. कोन असे साचत जातात. माझा अनुभव असा की ज्याला कोन साचतात हे हाताने पटलं, त्याचं निम्मं काम झालं.

एक अपवाद सांगून ठेवतो. बाजारात मिळणाऱ्या काही छोट्या हातांत कोपराची, म्हणजे दुसऱ्या सांध्याची, मोटार पायाजवळच असते आणि समांतर पट्ट्यांनी पुढचा दांडा ओढते. त्यात पहिला दांडा हलला तरी दुसऱ्याची जमिनीशी असलेली दिशा बदलत नाही. तिथे कोन मिळवायचे नाहीत, मोटारीचा कोन थेट जमिनीपासूनचा असतो. तुमचा हात कुठल्या जातीचा आहे हे कळायला सोपी युक्ती आहे: फक्त खांदा, म्हणजे पहिला सांधा, हलवा आणि पुढचा दांडा सोबत फिरतो का, ते बघा.

एका दांड्याचं गणित

डोक्यावर ऊन आहे आणि दांडा तिरका उभा आहे असं समजा. त्याची जमिनीवर पडलेली सावली म्हणजे एक्स, आणि टोक जमिनीपासून जितकं उंच तेवढा वाय. सावली काढायला लांबीला कॉसने गुणा, उंची काढायला साइनने.

२० सेंटिमीटरचा दांडा ३० अंशांवर. कॉस ३० म्हणजे ०.८६६, साइन ३० म्हणजे ०.५. तर कोपर एक्सवर १७.३२ आणि वायवर १० सेंटिमीटरला. पट्टी ठेवा, कोनमापकाने ३० अंश लावा, भोकातून पेन्सिलचा ठिपका घ्या आणि आलेख कागदावर मोजा. ठिपका तिथेच पडला पाहिजे.

या साइनची एक गंमत आहे. आर्यभटाच्या ग्रंथात, इसवी सन ४९९ मध्ये, तिला ‘ज्या’ म्हटलंय. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिचंच दुसरं नाव ‘जीवा’. भूमितीच्या पुस्तकात वर्तुळाची जीवा असते ना, तीच. हा शब्द अरबीत जाऊन ‘जीबा’ झाला, पुढे कोणीतरी तो ‘जैब’ असा वाचला आणि त्याचं लॅटिन भाषांतर ‘सायनस’ झालं. आपलाच शब्द जगभर फिरून साइन होऊन कॅल्क्युलेटरवर परत आला.

दुसरा दांडा जोडा

कोपर कुठे आहे ते माहीत आहे. आता समजा कोपर हाच नवा पाया आणि तिथून १५ सेंटिमीटरचा दांडा निघालाय. त्याची दिशा आपण वर काढली, ७५ अंश. कॉस ७५ म्हणजे ०.२५९, म्हणून सावली ३.८८. साइन ७५ म्हणजे ०.९६६, म्हणून उंची १४.४९. हे कोपराच्या आकड्यांत मिळवा:

एक्स = १७.३२ + ३.८८ = २१.२०
वाय = १०.०० + १४.४९ = २४.४९

झालं. दोन सांध्यांच्या हाताचं टोक २१.२०, २४.४९ वर आहे. सूत्रच हवं असेल तर असं, थीटा म्हणजे सांध्याचा कोन: एक्स म्हणजे पहिली लांबी गुणिले कॉस (थीटा-१), अधिक दुसरी लांबी गुणिले कॉस (थीटा-१ अधिक थीटा-२). वायला कॉसच्या जागी साइन.

आता कागदावर दुसरी पट्टी जोडून खात्री करा. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी दोन-तीन मिलिमीटर चुकलात तर चालेल. सात-आठ सेंटिमीटरची तफावत आली तर दुसरा कोन तुम्ही जमिनीपासून मोजला असणार. दहातल्या आठ वेळा तेच निघतं.

आणखी एक पडताळा माझ्या आवडीचा आहे. पायापासून टोकापर्यंत सरळ पट्टी लावून अंतर मोजा. २१.२० चा वर्ग अधिक २४.४९ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे ३२.३९ सेंटिमीटर. आता पहिला कोन हवा तेवढा फिरवा, फक्त दुसऱ्याला हात लावू नका. अंतर ३२.३९ च राहील. पायापासूनचं अंतर कोपराचा कोन ठरवतो, दिशा तेवढी खांदा ठरवतो. एकदा हे लक्षात आलं की हात चुकीच्या जागी गेल्यावर कुठल्या मोटारीकडे बघायचं ते कळतं.

मनगट

तिसरा दांडा पंजाचा, ८ सेंटिमीटर. त्याला किती वाकवायचं? समजा पंजात चहाचा कप आहे आणि चहा सांडायचा नाही. मग पंजा जमिनीला समांतर हवा, म्हणजे साचलेला कोन शून्य. आतापर्यंत ७५ साचले आहेत, म्हणून मनगट उणे ७५. कॉस शून्य म्हणजे १, साइन शून्य म्हणजे ०. पंजाचे सगळे ८ सेंटिमीटर एक्समध्ये गेले: टोक २९.२० आणि २४.४९ वर.

इथे एक मोठी गोष्ट सहज हाती लागली. टोक कुठे आहे याबरोबरच त्याचं तोंड कुणीकडे आहे हेही आपल्याला कळलं: साचलेल्या कोनांची बेरीज. वस्तू उचलायची तर दोन्ही लागतं. जागेवर पोचून पंजा तिरका असेल तर कप उचलला जाणार नाही, ढकलला जाईल.

कागदावरून हवेत

आता पोकलेन आठवा. बूम, आर्म आणि बकेट हे तीन सांधे एकाच उभ्या पातळीत वर-खाली होतात, आणि केबिन ती अख्खी पातळी घेऊन गोल फिरते. टेबलावरचे चार मोटारींचे हात बहुतेक असेच असतात. म्हणून नवीन गणित फार नाही.

कागद उभा धरल्यासारखं करा. आपला जुना एक्स म्हणजे आता मधल्या खांबापासून बाहेर किती पोचलो ते. त्याला पल्ला म्हणू. पल्ला २९.२०. जुना वाय म्हणजे खांद्यापासूनची उंची, २४.४९. खांदा टेबलापासून १० सेंटिमीटर वर असेल तर टेबलापासूनची उंची ३४.४९, हा झाला झेड.

पाया ६० अंश फिरला. आता वरून बघा. २९.२० लांबीचा एकच दांडा ६० अंशांवर आहे आणि त्याची सावली काढायची आहे, म्हणजे पुन्हा एका दांड्याचंच गणित:

एक्स = २९.२० × ०.५ = १४.६०
वाय = २९.२० × ०.८६६ = २५.२९
झेड = ३४.४९

चार मोटारींच्या हाताचं उत्तर हे. हे तीन आकडे लिहून ठेवा, शेवटी लागतील.

शीटमध्ये घाला

दर वेळी कॅल्क्युलेटर बडवण्यापेक्षा संगणकावरच्या शीटमध्ये मांडा. पहिल्या रकान्यात लांबी, दुसऱ्यात सांध्याचा कोन, तिसऱ्यात वरपासून साचत आलेला कोन, चौथ्यात लांबी गुणिले कॉस, पाचव्यात लांबी गुणिले साइन. खाली चौथ्या-पाचव्याची बेरीज. एक दांडा, एक ओळ. हात सात दांड्यांचा झाला तरी चार ओळी वाढतील, बाकी काही नाही.

पण शीट आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषा कोन अंशांत घेत नाहीत, रेडियनमध्ये घेतात. तुम्ही ३० लिहिलंत की त्यांच्या लेखी ते ३० रेडियन. गेल्या वर्षी एका पोराने पाठीमागून हाक मारली, ‘सर, हात पार टेबलात घुसायलाय की!’ शीट बघितली तर कोपर ३.०९ आणि उणे १९.७६ वर. अंश रेडियनमध्ये बदलायचे राहिले होते. असले आकडे आले की ओळखायचं. अंशांना पायने (π) गुणून १८० ने भागा किंवा शीटमधलं रेडियन्सचं तयार फंक्शन वापरा. एक अंश म्हणजे ०.०१७४५ रेडियन, हा आकडा तोंडपाठ असलेला बरा, कारण तो लगेच पुढे लागणार आहे.

आता मॅट्रिक्स

मग मॅट्रिक्स हवंच कशाला? पोकलेनसारख्या हाताला नकोच. पण वेल्डिंगच्या सहा सांध्यांच्या रोबोत मनगटाचे तीन अक्ष तीन वेगळ्या दिशांना असतात. तिथे सावल्यांची बेरीज डोक्यात मावत नाही. मॅट्रिक्स हा नुसता हिशोबाचा डबा आहे: एका सांध्याचं वळणं आणि पुढे सरकणं दोन्ही त्यात एकत्र बांधून ठेवता येतं.

आपल्या सपाट हाताचे डबे ३ बाय ३ चे होतात. पहिल्या सांध्याचा, ३० अंश आणि २० सेंटिमीटर:

०.८६६   −०.५   १७.३२
०.५   ०.८६६   १०
०   ०   १

दुसऱ्याचा, ४५ अंश आणि १५ सेंटिमीटर:

०.७०७   −०.७०७   १०.६१
०.७०७   ०.७०७   १०.६१
०   ०   १

डावीकडची दोन-बाय-दोनची चौकट म्हणजे वळण, उजवा रकाना म्हणजे सरकणं. पहिल्याला दुसऱ्याने गुणा. उत्तराच्या उजव्या रकान्यात २१.२० आणि २४.४९ येतात, आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात ०.२५९, म्हणजेच कॉस ७५. साचलेला कोनही आपोआप निघाला. हा गुणाकार एकदा तरी हाताने करा, नंतर आयुष्यभर संगणकाला करू द्या.

क्रम मात्र सोडायचा नाही. पायापासून सुरुवात, टोकाकडे शेवट, डावीकडून उजवीकडे. दुसऱ्याला पहिल्याने गुणलंत तर १५.७८ आणि २९.९३ येईल. तेही उत्तर खोटं नाही, पण ते आधी १५ चा आणि मग २० चा दांडा असलेल्या दुसऱ्याच कुठल्या तरी हाताचं आहे.

तीन मितींत डबे ४ बाय ४ चे होतात. ते भरायची एक ठरलेली रीत आहे. जॅक डेनाविट आणि रिचर्ड हार्टेनबर्ग या दोघांनी ती १९५५ मध्ये मांडली, म्हणून तिला डीएच म्हणतात. एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंत जायला फक्त चार आकडे पुरतात असं ती सांगते: सांध्याच्या अक्षाभोवती किती वळायचं ते थीटा, त्याच अक्षावर किती वर सरकायचं ते डी, मग बाजूला किती सरकायचं ते ए, आणि पुढचा अक्ष किती कलता आहे ते अल्फा. आपल्या चार मोटारींच्या हाताचा तक्ता असा होतो:

पाया: थीटा ६०, डी १०, ए ०, अल्फा ९०
खांदा: थीटा ३०, डी ०, ए २०, अल्फा ०
कोपर: थीटा ४५, डी ०, ए १५, अल्फा ०
मनगट: थीटा उणे ७५, डी ०, ए ८, अल्फा ०

पायाचा अक्ष उभा आणि खांद्याचा आडवा, म्हणून पहिल्या ओळीत अल्फा ९०. बाकीचे तिन्ही अक्ष एकमेकांना समांतर, म्हणून शून्य. प्रत्येक ओळीचा डबा असा भरतात. पहिली रांग: कॉस थीटा, उणे साइन थीटा गुणिले कॉस अल्फा, साइन थीटा गुणिले साइन अल्फा, आणि ए गुणिले कॉस थीटा. दुसरी रांग: साइन थीटा, कॉस थीटा गुणिले कॉस अल्फा, उणे कॉस थीटा गुणिले साइन अल्फा, आणि ए गुणिले साइन थीटा. तिसरी: शून्य, साइन अल्फा, कॉस अल्फा, डी. चौथीत तीन शून्यं आणि एक. चारही डबे ओळीने गुणले की शेवटच्या रकान्यात १४.६०, २५.२९, ३४.४९ उतरतात. नाही उतरले तर तक्ता तपासा, गुणाकार नंतर.

डीएचच्या दोन रीती प्रचारात आहेत, एक मूळची आणि एक नंतर सुधारलेली. दोन्ही बरोबर आहेत. पण एका पुस्तकातला तक्ता आणि दुसऱ्या पुस्तकातलं मॅट्रिक्स असा जोड लावू नका.

मोटारी बाहेर काढा

आता कपाट उघडा. कागदावर अचूक असलेला हात इथे अडखळतो, आणि त्यात गणिताची चूक नसते.

पहिली अडचण शून्याची. एमजी९९६आर सारख्या सर्व्होच्या, म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणाऱ्या मोटारीच्या, फिरत्या आसाला २५ दाते असतात. त्यावर बसणारी पट्टी, म्हणजे हॉर्न, एक दाता पुढे-मागे बसलं की १४.४ अंशांचा फरक, आणि मधे कुठे हॉर्न बसतच नाही. त्यामुळे मोटारीचं ९० आणि तुमच्या कागदावरचं ९० जुळेलच असं नाही. तो फरक मोजून प्रोग्रॅममध्ये वजा करावा लागतो. एखादी मोटार उलट्या अंगाने बसवलेली असेल तर तिचा कोन १८० मधून वजा करायचा.

दुसरी अडचण अंशांचीच. आर्डुइनोची सर्व्हो लायब्ररी शून्य ते १८० अंशांसाठी ५४४ ते २४०० मायक्रोसेकंदांचे विजेचे ठोके धरते. स्वस्तातली मोटार ते तसंच मानेल याची खात्री नसते. माझ्याकडच्या एका मोटारीला ३० सांगितलं की ती ३३ वर जाते आणि १५० सांगितलं की १४४ वर थांबते. म्हणजे सांगण्यात १२० अंश, प्रत्यक्षात १११. एका अंशामागे ०.९२५. तिला खरोखर ४५ वर न्यायचं तर ४३ सांगावं लागतं. प्रत्येक मोटारीला कोनमापक चिकटवा, पाच ठिकाणचे कोन नोंदवा आणि सरळ रेघ काढा. कंटाळवाणं काम आहे, पण अर्ध्या तासात होतं.

मोटारींची वीज वेगळी द्या. आर्डुइनोच्या पाच व्होल्टवर चार सर्व्हो चालवलेत तर हात थरथरेल आणि तुम्ही गणितात चूक शोधत बसाल.

एका अंशाची चूक किती महाग पडते? हात पूर्ण ताणला की २०, १५ आणि ८ मिळून ४३ सेंटिमीटर. त्याला ०.०१७४५ ने गुणा: साडेसात मिलिमीटर. खांद्याची एका अंशाची चूक टोकाला एवढी दिसते, मनगटाची तेवढीच चूक जेमतेम दीड मिलिमीटरची. म्हणून चांगली, महागातली मोटार खांद्याला लावा. पोरं ती पंजाला लावतात, कारण पंजा दिसतो.

कारखान्यात

वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला लागलात तर हे गणित तुम्हाला करावं लागणार नाही, कंट्रोलर करतो. टीच पेंडंटवर, म्हणजे रोबो चालवायच्या हातातल्या पॅनेलवर, एक्स, वाय, झेड आणि दिशेचे तीन कोन तयार दिसतात. पण शेवटचा दांडा तुम्हालाच सांगावा लागतो, कारण पुढे वेल्डिंगचा टॉर्च लावलाय की वस्तू पकडणारा ग्रिपर, हे रोबोला माहीत नसतं. या टोकाला टीसीपी (टूल सेंटर पॉइंट) म्हणतात. तो काढायची पद्धत छान आहे: एक टोकदार पिन घट्ट उभी करायची आणि टॉर्चचं टोक चार वेगवेगळ्या बाजूंनी त्याच पिनेला टेकवायचं. मनगट चार ठिकाणी, टोक एकाच ठिकाणी, एवढ्यावरून मनगटापासून टोक किती लांब आणि कुठल्या बाजूला आहे ते कंट्रोलर काढतो.

मी ज्या कारखान्यात होतो तिथे एकदा टॉर्च फिक्स्चरला, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या साच्याला, घासला. बाहेरून वाकलेला दिसत नव्हता. मी तो सरळ आहे असं धरून, टीसीपी न तपासता, लाइन सुरू केली. रोबो पेंडंटवर अगदी बरोबर आकडे दाखवत होता आणि वेल्ड जोडाच्या शेजारी तीन मिलिमीटरवर पडत होती. कळेपर्यंत ब्रॅकेटची अख्खी ट्रॉली भंगारात गेली होती. सुपरवायझर काही बोलले नाहीत, फक्त पिन आणून माझ्या हातात दिली.

उलटं गणित

टोक कुठे न्यायचंय ते माहीत आहे आणि कोन काढायचे आहेत, हे इन्व्हर्स कायनेमॅटिक्स. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे फक्त चव घ्या. टोक २१.२०, २४.४९ वर हवंय. अंतराचा वर्ग १०४९.२. त्यातून ४०० आणि २२५ वजा करून ६०० ने भागा: ०.७०७. हा कोपराच्या कोनाचा कॉस, म्हणून कोपर ४५ अंश. पण उणे ४५ चा कॉसही तेवढाच! तेव्हा खांदा ६८.२ अंशांवर लागतो आणि टोक त्याच जागी पोचतं. कोपर खाली किंवा कोपर वर, हात दोन्ही प्रकारे जातो. सरळ गणिताला एकच उत्तर असतं, उलट्याला दोन असू शकतात, आणि ३५ सेंटिमीटरच्या पलीकडचा बिंदू मागितलात तर एकही नसतं.

शेवटची चाचणी, ओळंब्याने

टेबलावर आलेख कागद पसरा, हाताचा पाया शून्यावर घट्ट बसवा आणि मोटारींना ६०, ३०, ४५, उणे ७५ असे कोन द्या. पंजाला गवंड्याचा ओळंबा लावा. ओळंबा जड असेल तर दोऱ्याला छोटा नट बांधा, नाहीतर त्याच्याच वजनाने हात वाकेल. टोक कागदावर कुठे टेकतं तिथे ठिपका करा आणि दोऱ्याची उंची मोजा.

मागच्या महिन्यात एका गटाला १४.२, २६.० आणि उंची ३४.० मिळाली. गणित सांगत होतं १४.६०, २५.२९, ३४.४९. पोरं लगेच प्रोग्रॅम बदलायला निघाली होती. मी म्हटलं, आधी आकड्यांना विचारा. १४.२ आणि २६.० वरून पल्ला काढला: २९.६. दिशा काढली: ६१.४ अंश. म्हणजे पाया ६० च्या ऐवजी १.४ अंश जास्त फिरलाय, हे एक. पल्ला चार मिलिमीटर वाढला आणि उंची पाच मिलिमीटर घटली, म्हणजे सगळा हात मिळून थोडा पुढे झुकलाय, हे दुसरं. शीटमध्ये खांदा ३० ऐवजी २९ केला. पल्ला २९.६३, उंची ३३.९८. खांद्याची मोटार वजनाने एक अंश खाली बसत होती.

एकाने पायाच्या मोटारीच्या दुरुस्तीत १.४ घातले, दुसऱ्याने खांद्याला एक अंश वर सांगितलं. ओळंबा परत सोडला. ठिपका १४.६ आणि २५.३ वर पडला.